पान उलटं पडतं तेव्हा

टॅरो या भविष्य पाहण्याच्या चित्रपत्त्यांच्या संचातलं बाराव्या क्रमांकाचं पान समोर ठेवू या. पालवी फुटलेलं ओलं लाकूड, एक उभं आणि त्यावर एक आडवं. आडव्या लाकडाला एक तरुण एका पायाने टांगलेला आहे. दुसरा पाय त्याने गुडघ्यात मुडपून पहिल्या पायामागे आडवा घेतला आहे. हात पाठीमागे, अंगात निळा अंगरखा, पायांत तांबडी तंग विजार. डोक्याभोवती पिवळंधमक तेजोवलय आहे आणि चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. एखादी गोष्ट नुकतीच उमगल्यासारखा तो शांत आहे. याला ‘टांगलेला माणूस’ म्हणतात. पान सरळ पडलं तर त्याचा अर्थ शहाणपण, सावधपणा, कसोटी, त्याग असा सांगितला जातो.

आता तेच पान फिरवलं की माणूस सरळ होतो. एका पायावर तोल सांभाळत, दुसरा मुडपून, नृत्याचा पवित्रा घेतल्यासारखा तो उभा राहतो. नवख्या डोळ्याला वाटेल, सुटला बिचारा. जरा थांबून पाहिलं की खटकायला लागतं. लाकूड आता पायाखाली आलंय, पण पाय अजून त्याला बांधलेलाच आहे. केस वरच्या दिशेला ओढले गेलेत. नाचतोय असं वाटणारा हा माणूस जागचा हलू शकत नाही. या पानाच्या उलट्या स्थितीला आर्थर एडवर्ड वेट या इंग्रज अभ्यासकाने स्वार्थ, जमाव, लोकसमुदाय असे अर्थ दिले आहेत. नुसती यादी वाचली तर त्यांचा चित्राशी संबंध लागत नाही. चित्राकडे पाहत राहिलं की लागतो. सगळं जग पायांवर उभं असताना हा एकटा डोकं खाली करून लटकला होता आणि त्याचं वेगळेपण तेवढंच होतं. पान फिरलं आणि तो चारचौघांसारखा उभा राहिला, गर्दीतला एक झाला. तेजोवलय डोक्याभोवती तसंच आहे, पण आता ते शोभेचं वाटतं.

उलट्या पानाचं रसग्रहण मी याच पानापासून सुरू करतो, कारण ‘सरळ म्हणजे शुभ, उलट म्हणजे अशुभ’ हे सूत्र इथे पहिल्याच फटक्यात मोडतं. या पानाचा इतिहासही सरळ-उलटच्या झगड्याने भरलेला आहे. मध्ययुगीन इटलीत फितुरांची, कर्जबुडव्यांची चित्रं सार्वजनिक भिंतींवर रंगवत आणि त्यांत माणूस पायाने उलटा टांगलेला दाखवत. शिक्षा अंगाला नसली तरी अब्रूला होती. 1412 मध्ये मुत्सिओ अत्तेंदोलो स्फोर्झा या सेनानीचं असं चित्र रोममध्ये लावलं गेलं. त्याचाच मुलगा फ्रान्चेस्को पुढे 1450 मध्ये मिलानचा ड्यूक झाला, आणि आज शाबूत असलेल्या सगळ्यात जुन्या टॅरो संचांपैकी सगळ्यात देखणा संच याच व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याचा आहे. बापाची बेअब्रू ज्या मुद्रेत झाली, ती मुद्रा मुलाच्या घरच्या खेळाच्या पत्त्यांत सोनेरी वर्खावर रंगवलेली सापडते. पुढे 1781 मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या लेखकाने टॅरोवर लिहिताना जाहीर केलं की हे पान कुणा अडाणी पत्तेवाल्याने उलटं छापलं. मुळात तो एक पाय उचलून पुढचं पाऊल जपून टाकणारा, विवेकाचं प्रतीक असलेला माणूस आहे. टॅरो प्राचीन इजिप्तमधून आला हा त्याचा दावा जसा निराधार होता, तसाच हाही. पण त्याने पान फिरवून पाहिलं, हे मला आवडतं. चुकलेल्या माणसानेही चित्राकडे टक लावून पाहिलं होतं.

टॅरो जन्माला आला तो खेळ म्हणून. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रांचे वेगळे हुकूम जोडले गेले आणि 78 पानांचा खेळ तयार झाला. खेळात पान उलटं आलं काय नि सुलटं आलं काय, हात जिंकायचा एवढंच. तरी ‘उलटं’ ही कल्पना त्या खेळातही होती. तलवारी आणि काठ्या या दोन रंगांत मोठा आकडा वरचढ, तर पेले आणि नाणी या दोन रंगांत उतरंड उलटी, म्हणजे एक्का दश्शीला मारणार. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात अगदी हेच आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का. लाखेच्या त्या गोल पानांना वरची-खालची कड नाहीच, पण आकड्यांची उलटापालट तिथेही आहे. एवढ्या लांबच्या दोन खेळांत हा नियम सारखा असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पान उलटं पडल्यावर अर्थ बदलायचा, ही रीत भविष्य सांगणाऱ्यांची. पॅरिसच्या एतेया नावाच्या भविष्यवेत्त्याने 1770 मध्ये साध्या खेळाच्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचं पुस्तक काढलं, त्यात सरळ आणि उलट असे दोन्ही अर्थ होते. पुढे त्याने खास टॅरोचा संच काढला. त्याच्या पानांवर वरच्या टोकाला एक शब्द आणि खालच्या टोकाला, उलटा छापलेला, दुसरा. पान कसंही पडो, शब्द वाचायचा आणि सांगायचा. सोय मोठी, पण इथूनच चित्र मागे पडलं. आजही पुष्कळ टॅरो रीडर तोंडपाठ शब्दांवर काम भागवतात, आणि पान उलटं आलं की सरळ अर्थामागे ‘नाही’ लावून मोकळे होतात. प्रेमाचं पान उलटं पडलं की प्रेम नाही, पैशाचं पडलं की पैसा नाही. असं करायचं असेल तर चित्रं कशाला हवीत, चिठ्ठ्या टाकाव्यात.

दुसरीकडे खेळाच्या पत्त्यांनी हा प्रश्नच मिटवून टाकला. आपल्या पत्त्यांतला राजा, राणी, गुलाम दोन्हीकडून डोकं असलेले असतात. पान कसंही हातात येवो, राजा सरळच. बदाम सत्ती नीट पाहिली तर मात्र तिची एक बाजू सहा बदामांच्या मध्ये वर सरकलेल्या सातव्या बदामाने ओळखता येते. खेळताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, जायचं कारणही नाही.

टॅरोची चित्रं फिरवून पाहण्याजोगी केली ती पामेला कोलमन स्मिथने. 1878 मध्ये लंडनला जन्मलेल्या या चित्रकर्तीचं बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेलं, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झालं. नटी एलेन टेरी आणि नट हेन्री अर्व्हिंग यांच्या नाटकमंडळीबरोबर ती दौऱ्यांवर फिरली. जमैकातल्या लोककथा तिने 1899 मध्ये पुस्तकरूपाने काढल्या आणि त्या ती रंगवून सांगतही असे. वेटच्या सांगण्यावरून 1909 मध्ये तिने टॅरोची सगळी चित्रं काही महिन्यांत पुरी केली आणि लंडनच्या रायडर कंपनीने ती वर्षअखेरीस बाजारात आणली. मोठं काम अगदी थोड्या पैशांत केल्याचं तिने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. आज जगभर सगळ्यात जास्त हाताळला जाणारा टॅरो तो हाच. कितीतरी वर्षं त्याच्या नावात प्रकाशक होता, वेट होता आणि ती नव्हती. पानांच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही मात्र तेव्हापासून आहे.

तिच्याआधी प्रचलित संचांत हुकमाच्या 22 पानांवर आणि राजा-राणीसारख्या दरबारी पानांवरच चित्रं असत. बाकीच्या पानांवर नुसते आकडे मोजायचे: सात पेले, नऊ तलवारी. फ्रेंच धाटणीच्या जुन्या संचांतली अशी बरीच पानं दोन्हीकडून सारखीच दिसतात. याला ठळक अपवाद म्हणजे सोला बुस्का हा पंधराव्या शतकातला इटालियन संच. त्याची छायाचित्रं 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि स्मिथच्या काही पानांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. पण तिने जे केलं ते नकलेच्या पलीकडचं होतं. नाटकात वाढलेल्या बाईने प्रत्येक पान रंगमंचासारखं बांधलं: खाली जमीन, मागे पडदा, प्रकाश कुठून येतो ते पक्कं, आणि पात्राच्या अंगाला वजन. वजन असलेल्या चित्रालाच वर-खाली असतं. म्हणून तिचं पान फिरवलं की नक्षी फिरत नाही, प्रसंग फिरतो.

तलवारींची दश्शी घ्या. एक माणूस पालथा पडलाय, पाठीत मानेपासून खालपर्यंत दहा तलवारी उभ्या रोवलेल्या. आकाश काळंकुट्ट. नवखे लोक हे पान पाहून दचकतात आणि पुढचं पाहायचं विसरतात. क्षितिजावर पिवळा पट्टा आहे, म्हणजे उजाडतंय. पाणी निवांत आहे. पडलेल्या माणसाच्या हाताची बोटं विशिष्ट मुद्रेत आहेत, धर्मगुरूच्या पानावर आशीर्वादाला उचललेल्या हाताची असते तशी. पान सरळ असतं तेव्हा काळं आकाश सगळ्या दृश्यावर दाबून बसलेलं असतं आणि उजेड त्याच्याखाली चेंगरलेला. फिरवलं की काळोख तळाला बसतो, उजेड त्याच्या वर येतो. तलवारींच्या मुठी खाली होतात. मघाशी रोवलेल्या दिसणाऱ्या तलवारी आता स्वतःच्या वजनाने निसटून पडतील असं वाटायला लागतं. वेट इथे फायदा, यश, मर्जी असे अर्थ देतो आणि लगेच जोडतो की यातलं काही टिकाऊ नाही. त्या पुस्तीसाठी मी त्याला मानतो. तलवारी गळून पडल्या तरी दहा भोकं पाठीत राहणारच. आणि माणूस अजून उठलेला नाही, त्याची कूसही बदललेली नाही. उलटी दश्शी पडली की ‘वाईट संपलं’ म्हणून पाठ थोपटणारा वाचक अर्धंच चित्र पाहतो.

याच्या अगदी उलट अनुभव नाण्यांच्या पंजीचा. बर्फ पडतोय, दोन भणंग माणसं चाललीत. एक बाई अनवाणी, शालीत गुरफटलेली. दुसरा कुबड्यांवर, गळ्यात घंटा बांधलेला. महारोग्यांना पूर्वी अशा घंटा बांधाव्या लागत. त्यांच्या डोक्यावर रंगीत काचांची उजळलेली खिडकी आहे आणि तिच्यात पाच सोनेरी नाणी झाडाच्या फांद्यांवर फळं धरावीत तशी बसवलेली आहेत. आत ऊब आहे, बाहेर हिमवर्षाव. चित्रात दार मात्र नाही. कितीही वेळा पाहा, दार सापडत नाही. पान उलटं करा: खिडकी खाली येते, पान धरणाऱ्याच्या हाताजवळ. माणसं वर जातात, पांढरी जमीन छतासारखी त्यांच्या पायांना चिकटते आणि बर्फ जमिनीकडून आभाळाकडे उडायला लागतं. वेट म्हणतो: गोंधळ, नाश, कलह. आजचे बहुतेक वाचक म्हणतात: हलाखी सरली, मदत मिळाली. मला दोन्ही पटत नाहीत. गोंधळ म्हणावा तर खिडकीचा उजेड इतका जवळ, इतका स्थिर कधीच नव्हता. मदत मिळाली म्हणावं तर दार अजूनही नाही. चित्र सांगतं ते एवढंच की उजेड आता पाहणाऱ्याच्या बाजूला आलाय. सरळ पानात आपण त्या दोघांबरोबर थंडीत असतो, उलट्या पानात खिडकीच्या अलीकडे, उबेत. म्हणजे हे पान ज्याच्यासाठी काढलं त्याने आपण भणंगांपैकी आहोत की खिडकीच्या आतले, हे विचारायला हवं. मदत मागणाऱ्याचं पान मदत करू शकणाऱ्याचं होतं. पंजीचा असा अर्थ मला कुठल्या यादीतून मिळाला नसता.

पेल्यांच्या एक्क्यात तर एकावर एक बारकावे आहेत. ढगातून निघालेला हात, त्यावर सोन्याचा पेला, पेल्यातून उसळून खालच्या तळ्यात पडणाऱ्या धारा, तळ्यात कमळं. वेटच्या मजकुरात धारा चार आहेत, स्मिथच्या चित्रात पाच. इथे मी चित्रकर्तीच्या बाजूचा. वरून एक कबुतर चोचीत प्रसादाची चकती धरून पेल्यात सोडायला उतरतंय, चोच सरळ खाली. पेल्याच्या पोटावर एक रोमन अक्षर आहे. सरळ पानात ते डब्ल्यू वाचलं जातं, उलट्या पानात एम. त्याबद्दल वेटने अक्षरही लिहिलेलं नाही आणि लोक शंभर वर्षं वाद घालत बसलेत. अक्षर काहीही असो, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं चिन्ह या एकाच पेल्यावर असावं, हे मोठं गमतीचं आहे. आणि कबुतर! पान फिरवलं की उतरणारा पक्षी चढायला लागतो. प्रसाद घेऊन आलेला होता, आता घेऊन चाललाय. वेटचा उलटा अर्थ ‘खोट्या हृदयाचं घर, चंचलता’ असा आहे. तो काहीसा कठोर असला तरी इथे पुस्तक आणि चित्र हातात हात घालून चालतात. देणगी द्यायला आलेला देवदूत अर्ध्यातून परत फिरला, एवढं एका पक्ष्याच्या चोचीवरून कळतं.

मृत्यूच्या पानावरही तसाच मेळ आहे. पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा, पुढ्यात पडलेला राजा, विनवणारा धर्मगुरू, मान वळवलेली मुलगी, आणि निर्धास्त पाहणारं एक मूल. सगळं चित्र घोड्याच्या उचललेल्या पावलावर तोललेलं आहे. उलटं केलं की पाऊल हवेत अडकतं आणि वेटचा अर्थ आपोआप डोळ्यांपुढे येतो: सुस्ती, झोप, गोठून जाणं. मरण टळलं, पण काही हलेनासं झालं. सूर्याच्या पानाला वेट म्हणतो, उलटं आलं तरी तेच सुख, थोडं कमी प्रमाणात. काठ्यांच्या चार नंबरच्या पानाला, जिथे चार काठ्यांवर फुलांची माळ बांधलेली आहे आणि दोन जणी हातांत गुच्छ उंच धरून येताहेत, त्याने साफ लिहिलंय की उलटं झालं तरी अर्थ बदलत नाही. काही सुखं कुठल्याही बाजूने धरली तरी सुखंच असतात, हे त्याच्यासारख्या गंभीर माणसाने मान्य केलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सगळेच वाचक उलटी पानं मानत नाहीत. वेट आणि स्मिथ गूढविद्येच्या ज्या ‘गोल्डन डॉन’ मंडळात होते, तिथे पानाचं बळ त्याच्या शेजारच्या पानांवरून, त्यांच्या तत्त्वांच्या मैत्री-वैरावरून जोखत. पाणी आणि अग्नी शेजारी आले तर एकमेकांना दुबळं करणार. ती पद्धतही सुंदर आहे. उलट मेरी के. ग्रीर या अमेरिकन अभ्यासिकेने 2002 मध्ये नुसत्या उलट्या पानांवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं, आणि त्यात अडलेलं, उशिरा येणारं, आत दडपलेलं असे कितीतरी पदर उलगडून दाखवले. मी स्वतः भविष्याच्या दाव्याकडे जात नाही. ज्याला प्रश्न पडलाय त्याला एक प्रसंग दाखवून विचार करायला लावणं, हे या चित्रांचं खरं काम, आणि त्यासाठी उलटं पान मला फार मोलाचं वाटतं.

त्याचं एक कारण बैठकीतच आहे. टॅरो रीडर टेबलाच्या एका बाजूला बसतो, प्रश्न विचारणारा समोर. पानं पिसून, काटून रीडर ती स्वतःच्या दिशेने मांडतो आणि सरळ-उलट त्याच्या बाजूने ठरतं. म्हणजे त्याला सरळ दिसणारं प्रत्येक पान समोरच्याला उलटं दिसत असतं, आणि उलटं पडलेलं पान समोरच्याला सरळ! दुःख ज्याचं आहे त्याला टांगलेला माणूस उभा दिसतोय आणि अर्थ सांगणाऱ्याला लटकलेला. चांगल्या रीडरने अशा वेळी पान उचलून नीट करू नये. समोरच्याला आधी विचारावं, तुम्हाला काय दिसतंय. त्याने सांगितलेलं ऐकावं आणि मग आपली बाजू सांगावी. एकाच चित्राच्या दोन्ही बाजू एकाच वेळी टेबलावर असण्याची ही सोय दुसऱ्या कुठल्या चित्रप्रकारात मी पाहिलेली नाही. भिंतीवरच्या चित्रासमोर सगळ्यांना एकाच बाजूने उभं राहावं लागतं.

शेवटी पेल्यांच्या अठ्ठीकडे वळतो, कारण या पानाबाबतही मी वेटशी आणि पुष्कळ आजच्या वाचकांशीही सहमत नाही. पुढे आठ पेले रचलेले आहेत, खाली पाच, वर तीन. वरच्या ओळीत एक जागा रिकामी. लाल वस्त्रातला एक माणूस काठी टेकत डोंगराकडे चाललाय, पाठ आपल्याकडे. वर चंद्र, चेहरा खाली झुकवलेला. सरळ पानाचा अर्थ कळायला पुस्तक नको: जमवलेलं सगळं मागे टाकून माणूस निघाला. उलट्या पानाला वेट मोठा आनंद, मेजवानी असे अर्थ देतो आणि अनेक जण ‘तो परत आला’ असं सांगतात. पण पान कितीही फिरवा, पाठीचा चेहरा होत नाही. उलट्या पानातही तो आपल्याकडे पाठ करूनच चाललाय. फक्त सोडलेले पेले आता त्याच्या वर आहेत, तोंडं खाली करून, आणि तो त्यांच्या खालून वाट काढतोय. चंद्र पान धरणाऱ्याच्या बोटांशी आलाय. मला यात ना मेजवानी दिसते ना परतणं. माणूस निघालाय हे पक्कं आहे, पण जे सोडलं ते अजून डोक्यावर टांगलेलं आहे. घर सोडून गेलेल्या, नोकरी सोडलेल्या, एखादं नातं तोडून निघालेल्या कुणालाही हे पान दाखवलं, तर त्याची नजर आधी त्या पालथ्या पेल्यांवरच जाईल आणि मग वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर.